सल्ला सदर: नापास झालेल्या चार मुलांसाठी वेगळा वर्ग घ्यावा का?

पत्र

मी पूर्व विदर्भातील एका नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. प्रथम वर्षाच्या शंभर मुलांच्या तुकडीत अनुसूचित जमातीचे सात विद्यार्थी आहेत आणि मेंटॉर म्हणून ते सातही माझ्याकडे देण्यात आले आहेत. पहिल्या अंतर्गत परीक्षेत त्यांपैकी चार जण नापास झाले. भामरागड तालुक्यातील एक मुलगी तर मध्येच गावी निघून गेली आणि दहा दिवसांनी परत आली, पण कारण सांगत नाही. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) ही मुले गप्प बसतात. सहकारी म्हणतात, “कमी गुणांवर प्रवेश दिल्यावर दुसरे काय होणार?” मला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. या चौघांसाठी मी संध्याकाळी वेगळा वर्ग घ्यावा का? घेतला तर त्यांच्यावर शिक्का बसेल, आणि न घेतला तर मुले हातची जातील, अशी भीती वाटते.
— एक सहायक प्राध्यापक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चौघांसाठी वेगळा वर्ग घेऊ नका. संध्याकाळचा वर्ग मात्र जरूर घ्या आणि पहिल्या अंतर्गत परीक्षेत मागे राहिलेल्या प्रत्येकासाठी तो खुला ठेवा. शंभर मुलांच्या तुकडीत पहिल्याच परीक्षेत केवळ चौघे मागे पडले असे सहसा घडत नाही. गुणपत्रक पुन्हा उघडून पाहिलेत तर इतर प्रवर्गांतील आणि खुल्या प्रवर्गातील नावेही तेथे बहुधा सापडतील, आणि ती नावे आजवर कुणाच्या बोलण्यात का आली नाहीत हे तुमच्या विभागाच्या बैठकीत विचारण्यासारखे आहे. सूचनाफलकावर ‘शरीरक्रियाशास्त्र : दीर्घोत्तरी प्रश्नांचा सराव’ एवढेच लिहा. नावांची यादी लावू नका. ज्यांनी यायलाच हवे त्यांना स्वतंत्रपणे, समोर बसवून सांगा.

सातही मुले एकाच मेंटॉरकडे सोपवण्याची व्यवस्था कुणी चांगल्या हेतूने केली असेल, तरी ती बदलून घ्यावी असे मला वाटते. तुमच्या गटात इतर प्रवर्गांतील पाच-सहा मुले मागून घ्या आणि या सातांपैकी दोघा-तिघांना दुसऱ्या चांगल्या शिक्षकांकडे द्या. तसे न केल्यास तुमच्या खोलीबाहेर उभा असलेला प्रत्येक विद्यार्थी ‘त्या गटातला’ म्हणून ओळखला जाईल, आणि ज्या शिक्षकांकडे हे विद्यार्थी नाहीत त्यांना आपला या विषयाशी संबंध नाही असे वाटू लागेल. त्याच वेळी हजेरी क्रमांक कसे दिले आहेत तेही पाहा. ते नीटच्या गुणवत्ता यादीप्रमाणे दिले असतील, तर राखीव जागांवरील बहुतेक मुले आपोआप शेवटच्या क्रमांकांवर, म्हणजे डिसेक्शनच्या शेवटच्या टेबलावर आणि प्रात्यक्षिकाच्या शेवटच्या तुकडीत एकत्र येतात. कुणी एक शब्दही न बोलता वर्गाची अशी विभागणी होऊन जाते आणि पुढे साडेचार वर्षे ती टिकते. आडनावांच्या अक्षरक्रमाने क्रमांक देण्याची विनंती अधिष्ठात्यांकडे करता येईल. त्यासाठी शासनाचा एक रुपयाही लागत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळतो. नीटच्या पात्रतेसाठी खुल्या प्रवर्गाला ५० वे आणि अनुसूचित जमातीला ४० वे पर्सेंटाइल लागते, आणि प्रत्यक्ष प्रवेशाची गुणरेषाही खालीच असते, हे खरे आहे. ते लपवण्याची गरज नाही. परंतु ते गुण कशाचे मोजमाप आहेत हेही सांगितले पाहिजे. दहावीपर्यंत आश्रमशाळेत मराठी माध्यमातून शिकलेली, घरी माडिया, गोंडी, कोरकू किंवा कोलामी बोलणारी, अकरावीत प्रथमच इंग्रजीतून भौतिकशास्त्र वाचणारी मुलगी आणि लातूर, नागपूर किंवा कोटा येथे दोन-दोन वर्षे राहून, लाखो रुपये भरून त्याच परीक्षेची तयारी केलेला मुलगा यांच्या गुणांतील अंतर हे मुख्यतः मिळालेल्या वर्षांचे, पैशांचे आणि भाषेचे अंतर असते. शिवाय सवलत प्रवेशाच्या दारापर्यंतच आहे. आत आल्यावर महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची प्रश्नपत्रिका सर्वांना एकच, उत्तीर्ण होण्याची अट एकच आणि परीक्षकाला उत्तरपत्रिकेवर प्रवर्ग दिसत नाही. म्हणजे या मुलांना दार उघडून आपण त्यांच्यावर इतरांएवढाच कठीण अभ्यास सोपवला आहे, आणि मधले अंतर भरून काढण्याचे काम कुणाचे आहे, हाच मुद्दा शिल्लक राहतो. माझ्या मते ते महाविद्यालयाचे आहे, कारण प्रवेश महाविद्यालयाने दिला आहे.

भामरागडच्या मुलीविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याने मी सर्वाधिक अस्वस्थ झालो. तिला ‘का गेली होतीस?’ असे विचारू नका. असा प्रश्न जाब विचारल्यासारखा ऐकू येतो. चार बाबी तुम्ही स्वतःच तपासा, कारण पहिल्या वर्षी घरी निघून जाण्यामागे बहुधा त्यांपैकीच एखादी असते.

पहिली बाब पैशांची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाख रुपयांच्या आत असलेल्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला केंद्र पुरस्कृत मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते आणि तिचा अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर भरावा लागतो. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात तो अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमधून पुढे जावा लागतो, बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते, आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतीतला नसेल तर अर्ज परत येतो. रक्कम हप्त्याने आणि उशिरा येते. मेसचे बिल मात्र दर महिन्याला भरावे लागते. पात्र विद्यार्थ्यांकडून शिकवणी शुल्क आगाऊ मागू नये असे शासनाचे आदेश असतानाही विद्यार्थी विभागाच्या खिडकीवर ‘आधी भरा, मग परत मिळेल’ असे कुणी सांगितले असेल, तर वडील बैल विकायला निघतात किंवा मुलगी गावी परत जाते. तुम्ही एक दुपार काढून विद्यार्थी विभागातील लिपिकांसोबत बसा आणि सातही अर्ज कोणत्या टप्प्यावर अडकले आहेत ते पडद्यावर पाहा. संध्याकाळच्या दहा वर्गांपेक्षा या एका दुपारचा उपयोग जास्त होईल, असे मी जबाबदारीने सांगतो.

दुसरी बाब राहण्याची. ही मुलगी महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहते की शहरातील आदिवासी मुलींच्या शासकीय वसतिगृहात, याची चौकशी करा. शासकीय वसतिगृहात राहण्याजेवण्याची सोय होते आणि तेथे प्रवेश न मिळालेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून खात्यात रक्कम येते. या दोन्हींसाठी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाशी संपर्क ठेवावा लागतो. परंतु शहरात राहणाऱ्या मुलीला रात्री ग्रंथालय मिळत नाही, हाडांचा संच घेऊन चौघींनी मिळून करायचा अभ्यास मिळत नाही, आणि सीनियरच्या जुन्या वह्याही तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. वैद्यकीयच्या पहिल्या वर्षातील निम्मा अभ्यास वसतिगृहाच्या खोल्यांमध्ये होतो, हे तुम्ही स्वतः अनुभवले असेल. शक्य असल्यास तिला महाविद्यालयाच्या आवारात खोली मिळवून द्या. नव्या महाविद्यालयांपैकी अनेक अजून जिल्हा रुग्णालयाच्या जागेत चालतात आणि तेथे खोल्या अपुऱ्या असतात, हे मला ठाऊक आहे. तरीही वाटप करताना लांबून आलेल्या मुलींचा विचार प्रथम व्हावा असा आग्रह धरता येतो.

तिसरी बाब कागदपत्रांची. राज्याच्या प्रवेशप्रक्रियेत अनुसूचित जमातीच्या जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र लागते आणि विदर्भातील कित्येक खऱ्या आदिवासी कुटुंबांची दमछाक तेथेच होते. ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या नोंदींना जमात पडताळणी समितीपुढे मोठे वजन असते. पण ज्या आजोबांनी शाळा पाहिली नाही आणि ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांची नोंद आणायची कुठून? मग कोतवाल बुकातील जन्ममृत्यूच्या नोंदी शोधण्यासाठी बाप-लेक तहसीलच्या फेऱ्या मारत राहतात. त्यातच पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. मुलीचे प्रकरण समितीपुढे प्रलंबित असेल, दक्षता पथकाची चौकशी घरी येणार असेल, तर ती अचानक गावी जाणारच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील ठाकूर जमातीच्या प्रकरणात आप्तभाव चाचणी (जमातीच्या चालीरीतींशी नाते जुळते का हे पाहणे) ही एकमेव कसोटी मानता येणार नाही असे स्पष्ट केले आहे, आणि वडिलांकडील रक्ताच्या नात्यात कुणाला वैधता मिळालेली असेल तर तोही मोठा आधार असतो. हे तिला माहीत नसल्यास सांगा आणि प्रकल्प कार्यालयाशी जोडून द्या. येथे एक गोष्ट आवर्जून लिहितो. विदर्भात खोट्या दाव्यांचा प्रश्न जुना आहे. हळबा-कोष्टी हे हळबा जमातीत मोडत नाहीत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००० साली दिला तो एका वैद्यकीय विद्यार्थ्याच्याच प्रकरणात. त्यामुळे खऱ्या आदिवासींच्या मनातील राग मी समजू शकतो. परंतु कोण खरा आणि कोण खोटा हे ठरवणे समितीचे काम आहे. शिक्षकांच्या खोलीत त्यावर तर्क लढवले जाऊ नयेत.

चौथी बाब प्रकृतीची. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण आपल्या भागातील आदिवासी आणि इतर काही समाजांत बरेच आहे. एखादी मुलगी वाहक नसून प्रत्यक्ष रुग्ण असेल तर तीव्र वेदनांचे झटके आल्यावर तिला आठ-दहा दिवस उठता येत नाही, आणि भावी डॉक्टरने आजारी असू नये अशा समजुतीने ती ते लपवते. हे एकांतात, डॉक्टर म्हणून विचारा. वर्गात सिकलसेल शिकवताना तिच्याकडे पाहून विचारू नका.

या चारही बाबींमध्ये हजेरीचे भान ठेवावे लागेल. विद्यापीठाच्या परीक्षेला बसण्यासाठी थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. दहा दिवस गेले तर हिशेब लगेच बिघडतो. तिला तिची आजची टक्केवारी लिहून द्या आणि यापुढे किती तास चुकून चालणार नाहीत तेही सांगा. महाविद्यालयाच्या दिनदर्शिकेकडेही एकदा या मुलांच्या नजरेने पाहा. मेळघाटातील कोरकूंचा सर्वांत मोठा सण होळी आहे आणि कामासाठी बाहेरगावी गेलेली कुटुंबे त्या दिवसांत घरी परततात. त्याच आठवड्यात अंतर्गत परीक्षा ठेवली, तर धारणीच्या मुलाला घर आणि परीक्षा यांतून एक निवडावे लागते. दिवाळीच्या आठवड्यात परीक्षा ठेवण्याचे आपल्या मनातही येत नाही.

व्हायव्हातील गप्पपणाविषयी सांगायचे तर, ज्या विद्यार्थ्याला घरची भाषा, शाळेतील मराठी आणि हिंदी यांच्यानंतर चौथ्या भाषेत उत्तर द्यायचे आहे, तो उत्तर येत असूनही वाक्य जुळवण्यात थांबतो आणि तेवढ्यात परीक्षक पुढच्या मुलाकडे वळतो. तुमच्या संध्याकाळच्या वर्गात म्हणूनच पुन्हा संपूर्ण धडा शिकवू नका. हृदयचक्र मराठीत समजावून सांगा, मग तेच उत्तर इंग्रजीत दहा ओळींत प्रत्येकाकडून लिहून घ्या, आकृती काढून घ्या, आणि तेच तोंडी म्हणायला लावा. विद्यापीठाच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका वापरा, कारण नामांकित शिकवणी वर्गांतून आलेल्या मुलांना जुने प्रश्न चाळण्याची सवय असते आणि या मुलांना ते कुणी सांगितलेलेच नसते. लेखी उत्तराला पाचपैकी दोन गुण का मिळाले ते समासात लिहून द्या. व्हायव्हाचा सराव दोघा-दोघांच्या जोड्यांनी घ्या आणि जोड्या प्रवर्ग न पाहता लावा. इंग्रजी बोलता येत नाही म्हणून मागे राहिलेला एखादा यवतमाळच्या शेतकऱ्याचा मुलगा, तो कोणत्याही प्रवर्गाचा असो, याच वर्गात उभा राहील. वर्ग सर्वांसाठी खुला ठेवावा असे मी म्हणतो त्यामागे हेही एक कारण आहे.

न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात १९७२ पासून माओरी आणि पॅसिफिक विद्यार्थ्यांसाठी वैद्यकीय प्रवेशाची योजना आहे. तेथे प्रवेशासोबत स्वतंत्र शिकवण्या आणि एकत्र अभ्यासाची जागाही दिली जाते, आणि कमकुवत शालेय पाया असलेल्यांसाठी आधी एक वर्षाचा पायाभूत अभ्यासक्रम असतो. मग आपल्याकडे वेगळा वर्ग का नको, असे तुम्ही विचाराल. तेथे त्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे आणि योजनेची सूत्रे त्यांच्याच समाजातील शिक्षकांच्या हाती आहेत, त्यामुळे ती जागा त्यांना आपली वाटते. तुमच्याकडे राज्य कोट्यातील ८५ जागांच्या ७ टक्के म्हणजे सहा मुले आणि अखिल भारतीय कोट्यातून आलेले एखादे मूल एवढाच गट आहे, आणि बहुधा त्यांच्या समाजातील एकही शिक्षक विभागात नाही. अशा स्थितीत वेगळी खोली एकटेपणा वाढवील. पुढे तिन्ही-चारही वर्षांची मुले मिळून त्यांचा गट मोठा झाला आणि त्यांनीच स्वतःहून मागणी केली, तर अवश्य द्या. तेव्हा ती मागणी त्यांची असेल. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या आदिवासी सीनियरशी, तुमच्याकडे नसेल तर नागपूर किंवा चंद्रपूरच्या महाविद्यालयातील एखाद्याशी, या मुलांची गाठ घालून द्या. ‘मीही पहिल्या इंटर्नलमध्ये नापास झालो होतो’ हे वाक्य सीनियरच्या तोंडून ऐकल्यावर जो धीर येतो, तो आपल्या समुपदेशनाने येत नाही.

वर्गातील भाषेकडे तुम्ही लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. मेळघाटातील कुपोषण शिकवताना भूमका (गावचा वैदू) आणि डम्मा (पोटावर डागण्याची प्रथा) यांचा उल्लेख येतो. बालकाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने डागणे घातकच आहे आणि ते तसेच शिकवले पाहिजे. परंतु आरोग्य केंद्र किती लांब आहे, रात्री वाहन मिळते का, तेथे आईशी तिच्या भाषेत बोलणारे कुणी असते का, हे न सांगता केवळ ‘या लोकांच्या अंधश्रद्धा’ असे म्हणून शिक्षक हसले, तर शेवटच्या बाकावर बसलेल्या कोरकू मुलाला आपली आजी वर्गासमोर उभी केल्यासारखे वाटते. ‘रँक किती, कॅटेगरी कोणती’ हा सीनियरांचा पहिला प्रश्नही निरुपद्रवी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांमध्ये २०१६ साली झालेल्या दुरुस्तीनुसार जात, वंश, भाषा, जन्मस्थान किंवा आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला मानसिक छळ आणि वगळणूक रॅगिंगमध्येच मोडते. मे २०१९ मध्ये मुंबईत तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी या निवासी डॉक्टरने आत्महत्या केली. जातीवरून छळ झाल्याचा तो खटला न्यायालयात गेला. त्यानंतर तरी कुणी ‘मुले थट्टा करतातच’ असे म्हणू नये. राष्ट्रीय रॅगिंगविरोधी मदतवाणीचा १८००-१८०-५५२२ आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलीमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक तुमच्या गटातील सर्वांच्या वहीत लिहून घ्या, म्हणजे ते कुणा एकासाठी दिले असे वाटणार नाही.

पुढील वर्षांसाठीही एक इशारा देऊन ठेवतो. वॉर्डात माडिया किंवा कोरकू बोलणारा रुग्ण आला की शिक्षक या मुलांना दुभाषा म्हणून बोलावू लागतात. रुग्णाच्या हिताचे असल्याने कधीतरी ते करावे लागेल. पण त्या मुलीला आजाराचा इतिहास विचारून घेण्याचे आणि तपासणीचे कामही तिथेच द्या, तिच्या नावावर ती केस लिहा. केवळ भाषांतर करवून तिला मागे उभे करू नका. ‘शिकून तू तुझ्याच लोकांत परत जायला हवे’ हे ओझेही आताच तिच्या खांद्यावर ठेवू नका. एका वर्षाच्या ग्रामीण सेवेचा बंधपत्राचा नियम राज्यातील शासकीय महाविद्यालयांतील सर्वांना लागू आहे. भामरागडची सेवा करण्याची जबाबदारी नागपूरच्या मुलावरही तेवढीच आहे. ती परत गेली तर आनंद आहे, आणि तिला हृदयरोगतज्ज्ञ होऊन मुंबईत राहावेसे वाटले तर तोही तिचा हक्क आहे.

या आठवड्यात चौघांना एकेकटे बोलावून परीक्षेचे नियम नीट समजावून सांगा, कारण अफवांमुळे मुले घाबरतात. एका अंतर्गत परीक्षेत नापास होणे म्हणजे वर्ष गेले असे नाही. विद्यापीठाच्या परीक्षेत अडखळल्यास पुरवणी परीक्षा असते आणि ती उत्तीर्ण झाल्यास आपल्याच तुकडीसोबत राहता येते. प्रथम वर्षासाठी चार प्रयत्नांची आणि संपूर्ण अभ्यासक्रमासाठी नऊ वर्षांची कमाल मर्यादा आहे, तीही सांगा, म्हणजे खोटा दिलासा दिल्यासारखे होणार नाही. शक्य असल्यास पालकांना स्वतः फोन करा. ‘तुमची मुलगी हुशार आहे, तिला चार महिने लागतील’ असे महाविद्यालयातून कुणी सांगितल्याचा फोन त्यांना आजवर आलेला नसतो. आलेला असतो तो शुल्काचा किंवा हजेरीचा.

पुढच्या प्रवेशफेरीच्या आधी अधिष्ठात्यांकडून एका मदतकक्षाची परवानगी घ्या. प्रवेशासाठी हजर होण्याच्या दिवसांत तेथे या सातांपैकी दोघे बसतील, शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे त्याच दिवशी तपासून घेतील आणि नव्या मुलांची वसतिगृहाची मागणी तिथेच नोंदवतील. त्याआधी उन्हाळ्यात एटापल्ली, कोरची, देवरी, जिवती अशा तालुक्यांतील अकरावी-बारावीच्या वर्गांमध्ये एखादी चक्कर झाली, तर जातवैधतेचा अर्ज अकरावीतच भरायचा असतो आणि पसंतीक्रमाच्या यादीत कोणती महाविद्यालये टाकायची असतात, एवढे सांगून या. शक्य झाल्यास भामरागडच्या त्या मुलीला सोबत न्या आणि बोलू तिलाच द्या, मात्र ती स्वतः तयार असेल तरच.